रोममध्ये तीन दिवस: कुठे घड्याळ लावायचं, कुठे नाही, आणि शाकाहारी माणसाने काय मागवायचं

रोमहून आल्यापासून दर आठवड्याला एक तरी फोन येतो. "तीन दिवसांत काय काय होतं गं? आणि खाण्याचं काय केलंत?" तेच तेच सांगून कंटाळा आला, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते.

आम्ही तिघी गेलो होतो मार्चअखेरीला. मी, ताई आणि आई. आई अडुसष्ट वर्षांची, गुडघे जेमतेम, मांस-मासे सोडाच, अंडंही चालत नाही. एवढं सांभाळून जे जमलं तेच इथे सांगतेय. माझं मत आधीच सांगते: रोममध्ये फक्त तीन ठिकाणांना घड्याळ लावा, म्हणजे वेळ ठरवून तिकीट आधीच काढा, बाकीचं शहर मोकळं सोडा. आणि जेवायला आपल्या वेळेवर नाही, तिथल्या वेळेवर बसा. आमचे दोन घोटाळे झाले, एक तिकिटावरच्या नावाचा आणि दुसरा जेवणाची वेळ न पाळल्यामुळे. दरांचे आकडे आम्ही गेलो तेव्हाचे आहेत, निघण्याआधी एकदा तपासून घ्या.

१. निघण्याआधी: कागद आणि बॅग

व्हिसावर वेगळा लेख होईल, त्यामुळे इथे थोडक्यात. शेंगेन व्हिसा (इटलीसह युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा) प्रवासाच्या सहा महिने आधीपासून मागता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी अर्ज जावा लागतो. मोठ्यांसाठी फी ९० युरो, सेवाशुल्क वेगळं. अपॉइंटमेंट मिळायलाच वेळ लागतो, म्हणून पंधरा दिवसांवर विसंबू नका.

हे जवळ हवंच:

- पासपोर्ट: परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध, दोन कोरी पानं
- प्रवास विमा: किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय कवच
- परतीचं तिकीट आणि राहण्याचं बुकिंग, छापील
- नाव बदललं असेल तर लग्नाचा दाखला, फोनमध्ये स्कॅन करून (का ते पुढे येईलच)
- थोडी युरोची नाणी. कार्ड सगळीकडे चालतं, पण नाण्यांचं एक खास काम आहे
- ओढणी किंवा स्टोल
- रिकामी पाण्याची बाटली
- छोटी विजेची किटली. आमच्या हॉटेलात नव्हती, आणि इटलीत ती असेलच असं धरून चालू नका

आपल्या फोन चार्जरची दोन गोल पिनांची प्लग तिथे बहुतेक ठिकाणी बसते. जाड तीन पिनांची बसत नाही.

आता खाऊ. बाहेरच्या देशातून युरोपात मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, बर्फी, तूप घरीच. ताज्या पालेभाज्या आणि बहुतेक फळंही तशीच, त्यामुळे कढीपत्ता-मिरच्यांची पिशवीही नको. आम्ही मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, भडंग, खाकरे आणि चहा पावडर नेली. दूध तिथे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं.

२. तीन तिकिटं घरूनच काढा

*कोलोसियम.* रोमन काळातला भव्य आखाडा. अधिकृत तिकिटं साधारण महिनाभर आधी विक्रीला येतात आणि चांगल्या वेळा पटापट संपतात. साधं तिकीट १८ युरो. त्यातच शेजारचा रोमन फोरम (प्राचीन शहराच्या मुख्य चौकाचे अवशेष) आणि पॅलाटाइन टेकडी येते, म्हणजे हा अर्ध्या दिवसाचा कार्यक्रम आहे. गूगलवर शोधलंत की आधी मध्यस्थांची दुकानं दिसतात आणि तेच तिकीट दुप्पट भावाला असतं. अधिकृत संकेतस्थळ शोधायला पाच मिनिटं जास्त द्या.

आमचा पहिला घोटाळा इथेच. तिकिटावर नाव असतं आणि ते ओळखपत्राशी ताडून पाहतात. बुकिंग मी केलं आणि सवयीने ताईचं माहेरचं आडनाव टाकून बसले. पासपोर्टवर सासरचं. दारावरच्या बाईंनी एकदा तिकीट, एकदा पासपोर्ट असं चार वेळा पाहिलं. मागे रांग वाढत होती. शेवटी व्हिसासाठी स्कॅन केलेला लग्नाचा दाखला दाखवला, बाईंनी दोन्ही आडनावांवर बोट ठेवून पाहिलं आणि हसून सोडलं. सगळ्यांनाच असं सोडतील याची खात्री नाही. नाव पासपोर्टवर आहे तस्संच टाका, मधलं नावसुद्धा.

*व्हॅटिकन म्युझियम.* मायकेलअँजेलोच्या छतावरच्या चित्रांसाठी प्रसिद्ध असलेलं सिस्टीन चॅपल याच्याच आत आहे. तिकीट २० युरो, ऑनलाइन घेतल्यास ५ युरो वर. ते पाच युरो म्हणजे रांगेत न उभं राहण्याची किंमत समजा. रविवारी म्युझियम बंद असतं. अपवाद महिन्याच्या शेवटच्या रविवारचा, त्या दिवशी दुपारपर्यंत फुकट. फुकट म्हणजे किती गर्दी, हे मी वेगळं सांगायला नको. सेंट पीटर चर्च आणि म्युझियम यांची दारं वेगळी आहेत, मध्ये भिंतीकडेने चांगलं दहा-पंधरा मिनिटांचं चालणं आहे. म्युझियमचं तिकीट हातात घेऊन चर्चच्या रांगेत उभी असलेली दोन कुटुंबं आम्हीच पाहिली.

*गॅलेरिया बोर्गेझे.* शिल्पं आणि चित्रांचं संग्रहालय. बुकिंगशिवाय प्रवेश नाही आणि आत दोनच तास. सोमवारी बंद. तीन दिवसांत हे ऐच्छिक धरा. पण बेर्निनीच्या शिल्पात पाताळाचा देव प्लूटो याची बोटं त्याने पळवून नेलेल्या प्रोसर्पिनाच्या मांडीत रुतलेली दिसतात, संगमरवरात! आई तिथे बराच वेळ थांबली. "हे दगडात केलंय?" एवढंच म्हणाली.

पॅन्थिऑन या प्राचीन रोमन मंदिराला ५ युरोचं तिकीट आहे, ते एखाद-दोन दिवस आधी काढलं तरी चालतं.

३. विमानतळ ते हॉटेल

फिउमिचिनो विमानतळावरून तेर्मिनी या मुख्य स्टेशनला लिओनार्दो एक्स्प्रेस जाते. ३२ मिनिटं, १४ युरो, मध्ये कुठे थांबत नाही. दुसरी साधी लोकल ८ युरोला आहे, पण ती तेर्मिनीला जात नाही. त्रास्तेवेरे, ओस्तिएन्से, तिबुर्तिना अशी जाते. हॉटेल त्या बाजूला असेल तर हीच बरी. कागदी तिकीट घेतलंत तर गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्या. तिकीट आहे पण शिक्का नाही, तरी दंड होतो.

हॉटेल घेताना लिफ्ट आहे का ते विचाराच. जुन्या इमारती, चार मजले, दगडी जिने. आणि हॉटेलात माणशी, रात्रीमागे शहराचा कर वेगळा भरावा लागतो. तो बुकिंगच्या रकमेत बहुधा नसतो. फसवणूक नाही, नियम आहे.

मार्चअखेरीला जाणार असाल तर एक गंमत. मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे युरोपातली घड्याळं एक तास पुढे जातात. फोन आपोआप बदलतो, हातातलं घड्याळ नाही. त्या दिवशी सकाळचं बुकिंग असेल तर फोनवरच विश्वास ठेवा.

४. शहरात फिरणं

मेट्रोचं साधं तिकीट दीड युरो, १०० मिनिटं चालतं. बसमध्ये तेवढ्या वेळात कितीही बदला, मेट्रोचा प्रवास मात्र एकच. स्पर्शाने चालणारं बँक कार्ड थेट गेटवर टेकवता येतं, पण माणशी वेगळं कार्ड लागतं. कागदी तिकीट हवं तर 'टी' अक्षराची पाटी असलेल्या तंबाखूच्या दुकानात मिळतं. या दुकानाला 'ताबाक्की' म्हणतात.

संप ही तिथली नेहमीची गोष्ट. शब्द लक्षात ठेवा: 'शोपेरो'. स्टेशनावर हा शब्द दिसला की समजा आज चालायचंय. संपाच्या दिवशीही शहरातल्या बस-मेट्रो सकाळी साडेआठपर्यंत आणि संध्याकाळी ५ ते ८ बहुधा चालतात, तेवढ्यात ये-जा उरका.

खरं सांगायचं तर मधलं रोम चालण्याचंच आहे. पण रस्त्यावर काळ्या दगडाचे छोटे चौकोनी ठोकळे बसवलेले असतात, मध्ये फटी. नवे बूट, टाचेच्या चपला, छोट्या चाकांची बॅग, तिन्ही तिथे रडतात. आईला आम्ही तिचे रोजचे, सहा महिने वापरलेले बूटच घालायला लावले. ते तिला आवडत नव्हते, पण पायाला फोड आला नाही.

पाण्यावर पैसे घालवू नका. रस्तोरस्ती ओतीव लोखंडाचे बुटके नळ अखंड वाहत असतात. त्यांना 'नाझोनी' म्हणतात, म्हणजे मोठी नाकं. पाणी पिण्याचं आणि गार. तोटीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या छोट्या भोकातून कारंजं उडतं आणि न वाकता पिता येतं. आम्हाला हे एका शाळकरी पोराने दाखवलं. ताईने इतक्या जोरात दाबलं की पाणी थेट चष्म्यावर.

५. तीन दिवसांची ढोबळ आखणी

पहिला दिवस: सकाळी कोलोसियम, मग फोरम. फोरममध्ये सावली जवळजवळ नाही आणि चढउतार आहेत, म्हणून सकाळीच. दुपारी विश्रांती. संध्याकाळी मोंती भागात पाय मोकळे करा.

दुसरा दिवस: सकाळी लवकर व्हॅटिकन म्युझियम, मग सेंट पीटर. चर्चमध्ये प्रवेश फुकट आहे, रांग सुरक्षा तपासणीची असते. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, ओढणी इथे कामाला येते. घुमटावर जायला ५५१ पायऱ्या; लिफ्ट घेतली तरी ३२० उरतात, आणि शेवटी जिना घुमटाच्या उतारासोबत तिरका होत जातो. आई खाली बसली, आम्ही चढलो. दम लागणाऱ्याने किंवा अरुंद जागेची भीती असणाऱ्याने हट्ट करू नये. बुधवारी सकाळी पोपचा जाहीर कार्यक्रम असतो, चौक भरलेला असतो. तो दिवस दुसऱ्या कशाला तरी ठेवा.

तिसरा दिवस मोकळा. पॅन्थिऑन, पियात्सा नाव्होना हा चौक, ट्रेव्हीचं कारंजं, सगळं चालत. ट्रेव्ही सकाळी सातच्या आत गाठा. दहानंतर कारंजं कमी आणि डोकी जास्त. स्पॅनिश पायऱ्यांवर बसू नका, २०१९ पासून त्याला दंड आहे. फोटो काढा आणि पुढे चला.

पॅन्थिऑनमध्ये मात्र थांबा. घुमटाचा व्यास आणि जमिनीपासून घुमटाच्या माथ्यापर्यंतची उंची एकच, सुमारे ४३ मीटर. वर मधोमध उघडं भोक आहे, पाऊस आला तर आतच पडतो आणि फरशीतल्या बारीक छिद्रांतून निघून जातो. आम्ही होतो तेव्हा ऊन होतं. भिंतीवर उन्हाचा गोल पडला होता आणि आईने बाकावर बसून तो सरकताना पाहिला.

६. फुकटचं रोम आणि नाण्यांचं काम

प्रसिद्ध इटालियन चित्रकार कॅराव्हाज्जोची मूळ चित्रं पाहायला तिकीट लागत नाही. पॅन्थिऑनपासून चार पावलांवर सान लुईजी देई फ्रांचेझी नावाचं चर्च आहे. डाव्या हाताच्या शेवटच्या चॅपलमध्ये त्याची तीन मोठी चित्रं, संत मॅथ्यूच्या आयुष्यातली. चॅपल अंधारं असतं. कठड्याशी एक पेटी असते, त्यात नाणं टाकलं की दिवा लागतो, थोड्या वेळाने खटकन जातो. आम्ही गेलो तेव्हा पंधरा-वीस माणसं अंधारात गपचूप उभी, प्रत्येकजण दुसऱ्याच्या नाण्याची वाट पाहत! आईने बटव्यातून नाणं काढून टाकलं. उजेड पडला आणि सगळ्या घोळक्यातून एकच हुंकार आला.

सान पिएत्रो इन विंकोलीमध्ये मायकेलअँजेलोने घडवलेला मोझेसचा पुतळा आहे, तोही फुकट. बरीच चर्च दुपारी साडेबारा ते तीन-चारपर्यंत बंद असतात. हा वेळ जेवणाला द्या.

७. जेवण: वेळ, बिल आणि उभ्याने कॉफी

सकाळी 'बार' म्हणजे दारूचं नव्हे, कॉफीचं दुकान. स्थानिक लोक काउंटरशी उभ्याने एस्प्रेसो घेतात, सोबत कोर्नेत्तो (क्रॉसाँसारखा गोड पाव), आणि पाच मिनिटांत बाहेर. टेबलावर बसलात की तीच कॉफी दुप्पट-तिप्पट भावाची होऊ शकते, विशेषतः चौकात. काही ठिकाणी आधी गल्ल्यावर पैसे भरून चिठ्ठी घ्यायची आणि ती काउंटरवर ठेवायची. नुसतं 'लाते' मागितलंत तर पेलाभर दूध येईल. आणि कॉफी घेतली की स्वच्छतागृह निःसंकोच मागा, रस्त्यावर ती फार कमी आहेत.

दुपारचं जेवण साडेबारा ते तीन, रात्रीचं साडेसातच्या पुढे. मधल्या वेळेत चांगल्या खाणावळींचं स्वयंपाकघर बंद असतं. आमचा दुसरा घोटाळा यातूनच झाला. पहिल्या दिवशी संध्याकाळी सहाला आईला भूक लागली आणि एका गर्दीच्या चौकात, ज्या दारावर माणूस उभा राहून बोलावतो, जेवणाचे रंगीत फोटो लावलेले असतात, अशा ठिकाणी शिरलो. बिल आलं तेव्हा तीन पास्त्यांखाली आणखी चार ओळी होत्या: ब्रेड, न मागता आलेले ऑलिव्ह, पाण्याच्या दोन बाटल्या आणि सेवाशुल्क. पास्ता मऊ, लगदा झालेला.

ब्रेडचे किंवा टेबलाचे माणशी दोन-तीन युरो लावणं इटलीत सर्रास चालतं. ते मेनूवर लिहिलेलं असतं, 'पाने' किंवा 'कोपेर्तो' या नावाने. बसण्याआधी ती बारीक ओळ वाचा. न मागवलेली बशी आली तर "नो, ग्रात्सिए" म्हणून परत करा, कोणी वाईट मानत नाही. टिप सक्तीची नाही. बिल आपणहून आणत नाहीत, "इल कोंतो, पेर फावोरे" म्हणायचं.

मधल्या वेळेच्या भुकेला उत्तर आहे 'पिझ्झा अल ताल्यो'. मोठ्या आयताकृती ट्रेमधला पिझ्झा कात्रीने कापून वजनावर विकतात. दर 'एत्तो'चा, म्हणजे १०० ग्रॅमचा असतो. पाटीवर स्वस्त आकडा बघून हुरळू नका, बोटांनी रुंदी दाखवा.

८. शाकाहारी माणसाने काय मागवायचं

हा भाग नीट वाचा, कारण इथले सापळे दिसत नाहीत.

आधी घरीच रेघ ठरवा. अंडं चालतं का? केक-बिस्किटातलं चालतं का? आणि चीज? इटलीतली बरीच जुनी चीजं वासरा-कोकराच्या पोटातल्या रेनेटने विरजलेली असतात. पेकोरिनो रोमानोत कोकराचं, पार्मेजानमध्ये वासराचं. मी आईला हे आधीच सांगितलं. लपवून खाऊ घालणं मला पटलं नसतं. तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "मग माझं चीजशिवायचं बघा."

फसवे पदार्थ:

- *भोपळ्याची फुलं तळून.* आपल्या भज्यांसारखी दिसतात. आत मोझरेला आणि बहुतेक वेळा अँकोव्ही मासा.
- *पुंतारेल्ले.* कुरकुरीत पाल्याचं सॅलड, वर अँकोव्हीचंच ड्रेसिंग.
- *सुप्पली.* भाताचा तळलेला गोळा, आतल्या सॉसमध्ये बहुधा खिमा.
- *काचो ए पेपे.* फक्त चीज आणि मिरी, पण अनेकदा 'तोन्नारेल्ली' या अंड्याच्या ताज्या पास्त्यात करतात. स्पॅगेटी किंवा रिगातोनी मागा. सुका पास्ता सहसा नुसत्या गव्हाचा असतो.
- *कार्बोनारा, आमात्रिचाना, ग्रिचा.* तिन्ही पास्त्यांत डुकराच्या गालाचं मांस. मांस काढून द्या म्हणू नका, चव त्याच चरबीची असते.

उलटा सापळा एकच, तोही गोड: मेनूवर 'पेपेरोनी' दिसलं की मांस समजून दचकू नका. इटलीत ती ढोबळी मिरची.

आता आईने काय खाल्लं ते. स्पॅगेटी आल्यो ओल्यो ए पेपेरोन्चिनो: लसूण, तेल, लाल मिरची. पिझ्झा मारिनारा: टोमॅटो, लसूण, ओरेगानो, चीज नाही. आणि तिचं सगळ्यात लाडकं, 'चिकोरिया रिपास्साता'. कडवट पालेभाजी उकडून लसूण-मिरचीवर तेलात परतलेली. पहिला घास घेऊन आई म्हणाली, "ही तर आपली घोळाची भाजी, फक्त दाण्याचं कूट राहिलंय." दुसऱ्या दिवशी पिशवीतली दाण्याची चटणी काढून तिने तीही कमी पूर्ण केली. वेटर बघत होता. त्याने चिमूटभर चाखली आणि दोन बोटं गालाला लावून फिरवली, म्हणजे तिकडच्या खुणेत 'फक्कड'.

हिवाळ्याअखेर ते वसंतात गेलात तर आर्टिचोक (मोठ्या कळीसारखी भाजी) चुकवू नका. ज्यू वस्तीत, म्हणजे घेत्तोत, ते 'आल्ला जुदिया' पद्धतीने अख्खे तळतात. पाकळ्या उमलून कुरकुरीत होतात, मधला गाभा मऊ राहतो. एक युक्ती: कोशर, म्हणजे ज्यू धर्माचे खाण्याचे नियम पाळणाऱ्या खाणावळीत मांस आणि दूध एका स्वयंपाकघरात येत नाही. दुग्धपदार्थांची कोशर खाणावळ निवडलीत तर तिथे मांस नसतंच, फक्त मासे असू शकतात. शुक्रवारी संध्याकाळपासून शनिवारी संध्याकाळपर्यंत ही ठिकाणं बंद असतात.

हे कागदावर लिहून ठेवा:

- "सोनो वेजेतारियाना" (पुरुषाने "वेजेतारियानो"): मी शाकाहारी आहे
- "सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे": मांस नको, मासे नको
- "सेन्त्सा उओवा": अंडं नको
- "सेन्त्सा आलीची": अँकोव्ही नको
- "सेन्त्सा आल्यो ए चिपोल्ला": लसूण-कांदा नको

शेवटच्या ओळीने वेटर दुःखी होतो, पण ऐकतो.

आपल्या चवीसाठी जीव कासावीस झालाच तर तेर्मिनीजवळचा एस्क्विलिनो बाजार गाठा. कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, आलं, डाळी, सगळं तिथे मिळतं.

जेलातो, म्हणजे तिथल्या आइसक्रीमबद्दल एकच. पिस्ता पोपटी हिरवा आणि ढीग फुगवून ठेवलेला असेल तर पुढच्या दुकानात जा. चांगला पिस्ता मळकट हिरवा असतो. दूध-अंडं टाळायचं असेल तर फळांचे 'सोर्बेत्तो' विचारा.

९. खिसा सांभाळा

६४ नंबरची बस, तेर्मिनी ते व्हॅटिकन, पाकीटमारांसाठी प्रसिद्ध आहे. मेट्रोची ए लाइनही तशीच. गाडीचं दार बंद होताना अचानक धक्काबुक्की झाली की हात पर्सवर. रस्त्यात कोणी "मैत्रीची भेट" म्हणून मनगटाला दोरा बांधू लागला, गुलाब हातात दिला, तर हात मागे घ्या. रोमन सैनिकाच्या वेशातला माणूस फोटोनंतर पैसे मागतोच. आईने सगळ्यांना "नको रे बाबा" असं स्वच्छ मराठीत सांगितलं आणि ते आमच्या इंग्रजीपेक्षा जास्त चाललं.

१०. निघायच्या दिवशी

तेर्मिनीवर लिओनार्दो एक्स्प्रेस बहुधा २३ किंवा २४ नंबरच्या फलाटावरून सुटते. ते स्टेशनच्या अगदी कडेला आहे, बॅगा घेऊन दहा मिनिटं धरा. ऑलिव्ह तेल घेतलं असेल तर ते चेक-इन बॅगेत, कपड्यांच्या मधोमध. आम्ही दोन बाटल्या आईच्या नऊवारीत गुंडाळल्या. तीच साडी तिला सेंट पीटरमध्ये नेसायची होती आणि थंडीमुळे राहून गेली होती. बाटल्या शाबूत पोचल्या.